डूगलची पहिली बायको

डूगल मकव्हिकर हा किलफर्नन या आमच्या डोंगरी गावातला सगळ्यात गंभीर माणूस होता. हे गांभीर्य काही त्याला जन्मतः मिळालेलं नव्हतं, ते त्याने कष्टाने कमावलेलं होतं. चर्चच्या पंचांमध्ये बसला की अशी मुद्रा करायचा की नव्याने आलेल्याला वाटावं, आत्ताच कुणीतरी गेलं. तपकीर ओढण्याआधी प्रार्थना म्हणायचा. मयतीला सगळ्यांच्या पुढे तोच चालायचा आणि लग्नाच्या वरातीतही त्याची चाल तीच असायची. डोंगराच्या कडेला थोडी ओटची शेती, काही मेंढ्या, दोन गाई, जळणाच्या पीट-मातीच्या धुराने आतून काळं झालेलं दगडी घर आणि रविवारी चर्चला घालायची एक उंच काळी टोपी, एवढाच त्याचा पसारा. त्यातल्या टोपीला तो फार जपायचा.

आणि अशा माणसाच्या घरावरच्या माळावर एक दगड उभा होता. पुरुषभर उंच, वरच्या अंगाला जरासा वाकलेला. तो कुणी उभा केला, कशासाठी केला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं नाव मात्र बोलायला लागलेल्या पोरापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दगडाचं नाव होतं 'डूगलची पहिली बायको'.

गोष्ट डूगलच्या तरुणपणची. ओढ्यापलीकडच्या एफी मकनिव्हनवर त्याचं मन बसलं होतं आणि एफीच्या जिभेची त्याला मनस्वी भीती होती. सगळा हिवाळा त्याने गोठ्यात गाईसमोर उभं राहून भाषण पाठ केलं. शेवटी वसंतातल्या एका सकाळी, एफी माळावर गेलीय असं कळल्यावर, तो छाती घट्ट करून निघाला. धुकं असं पडलेलं की स्वतःचे बूट दिसू नयेत. वर पोचला तर समोर एफी उभी. तिची ती चौकड्यांची लोकरी शाल खांद्यावरून घेतलेली, मान जराशी झुकलेली. डूगलने टोपी काढली आणि डोळे मिटून सुरुवात केली. गाई सांगितल्या, मेंढ्या सांगितल्या, दारूचं सांगितलं, आईचा स्वभाव सांगितला. एफी काही बोलेना. मुलगी लाजते आहे असं समजून त्याने भाषण पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तरी ती गप्प. मग मात्र त्याला रडू फुटलं आणि तो म्हणाला, "नाही म्हणायचं तर नाही म्हण, पण तोंडाने काहीतरी बोल."

तेव्हा मागच्या बांधापलीकडून आवाज आला, "डूगल, तिला ऐकू येत नाही. मला विचारून बघ."

एफी बांधाआड चिखलात रुतलेलं वासरू ओढत होती. हात मोकळे असावेत म्हणून शाल तिने दगडावर टाकली होती. दोन्ही वेळचं भाषण तिने शब्दन् शब्द ऐकलं होतं.

लग्न झालं. आमच्याकडे लग्नानंतरही बाईचं माहेरचं नाव तिच्याकडेच राहतं, म्हणून ती शेवटपर्यंत एफी मकनिव्हनच राहिली. पण लग्नाच्या दिवशीच तिने सगळ्यांना सांगून टाकलं की आपण डूगलची दुसरी बायको, पहिली वर माळावर आहे. झालं. त्या दिवसापासून दगडाला ते नाव चिकटलं. डूगलशी भांडण झालं की एफी म्हणायची, "जा तिच्याकडे, ती काही उलटून बोलत नाही." पोरिज, म्हणजे ओटची पेज, करपली की म्हणायची, "सवतीच्या हातची खाल्ली असतीस तर दात पडले असते." त्यांना मूलबाळ झालं नाही, तर त्याचं खापरही ती हसत हसत दगडावर फोडायची, आणि मग उठून गोठ्यात निघून जायची. आता सांगायची गोष्ट घडली त्या उन्हाळ्याच्या दोन हिवाळे आधी ती वारली. जायच्या आदल्या दिवशी डूगलचा हात धरून म्हणाली, "आता परत जायला मोकळा झालास रे तिच्याकडे." डूगलने तेव्हाही गंभीर चेहरा केला होता.

तर त्या उन्हाळ्यात राणीच्या सैन्यातले लोक नकाशा करायला आले. लाल डगले, साखळ्या, काठ्या, निशाणं. त्यांच्यातला कॉर्पोरल पेंगेली हा इंग्लंडच्या पार दक्षिण टोकाचा. त्याच्याकडे एक मोठी वही. प्रत्येक डोंगर, ओढा, खडक, पडकं घर यांची नावं तो विचारायचा, वहीत लिहायचा आणि प्रत्येक नावाखाली तीन प्रतिष्ठित माणसांची साक्ष घ्यायचा, की होय, या जागेला लोक हेच म्हणतात. आमच्या बाजूच्या डोंगरांसाठी त्याने तिघं निवडले: पाद्री लॅमंट, शाळेतले पर्डीमास्तर आणि डूगल मकव्हिकर.

डूगलला हे कळलं तेव्हा त्याने दाढी धुतली. सरकारने प्रतिष्ठित म्हणून निवडणं ही काय थोडीथोडकी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरिज खाताना त्याचा चमचा हवेतच थांबला. वहीत दगडांचीही नावं लिहितात, हे त्याला तेव्हा आठवलं.

तो तसाच उठला आणि मास्तरकडे गेला. पर्डीमास्तर खाली मैदानी मुलखातून आलेला, स्वतःचा आवाज ऐकायला त्याला फार आवडायचं.

"मास्तर, हे नकाशे छापणार म्हणे?"

"छापणार तर. लंडनमध्ये भिंतीवर लावतील. कॅनडात पाठवतील. तुझे भाऊबंद गेलेत ना तिकडे, त्यांना दिसेल."

"आणि राणी?"

"राणीचाच नकाशा. तिने बघितला तर तिला कोण अडवणार?"

डूगल आल्या पावली परतला. एवढ्या वर्षांचं गांभीर्य त्याला डोळ्यांसमोर वाहून जाताना दिसू लागलं. राणी चष्मा लावून नकाशा बघतेय, बोट ठेवून विचारतेय, हा डूगल कोण आणि पहिल्या बायकोला याने माळावर का ठेवलंय. चर्चचा पंच आणि दोन बायका.

त्याच संध्याकाळी पंचांची बैठक बसली. डूगलने उभं राहून मागणी केली की कॉर्पोरलला ते नाव सांगू नये.

पाद्री लॅमंट म्हणाला, "डूगल, खोटं बोलता येणार नाही. त्याने विचारलं की सांगावं लागेल."

"खोटं कुठे बोलायचंय, पाद्रीसाहेब? नुसतं गप्प बसायचं."

"माहीत असून गप्प बसणं हेही खोटंच. मला रविवारी उपदेशाला उभं राहायचं असतं."

मास्तरने घसा साफ केला. "पण पाद्रीसाहेब, त्या दगडाचं खरं नाव काय? लोक रोज ज्या नावाने ओळखतात, तेच ना? उद्यापासून सगळ्यांनी दुसरं नाव घेतलं, तर ते खरं होईल."

पाद्रीने डोळे मिटले. तो प्रार्थना करतोय की त्याला झोप लागलीय, हे बराच वेळ कुणाला कळेना. मग तो म्हणाला, "म्हणजे आपण खोटं बोलायचं नाही. आधी खरं बदलायचं आणि मग खरंच बोलायचं."

"अगदी तेच," मास्तर म्हणाला.

यात काही विचित्र आहे असं त्या खोलीतल्या एकालाही वाटलं नाही. आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. एक लहानसं पाप टाळण्यासाठी आम्ही सगळा गाव कामाला लावतो.

नव्या नावावर मात्र घोळ झाला. 'उभा दगड' म्हणावं तर तसे आणखी दोन होते आणि त्यातला एक शेजारच्या पॅरिशचा, म्हणजे पलीकडच्या चर्चच्या हद्दीतला होता, ज्यांचं काही उसनं घ्यायला आमच्या पंचांची तयारी नव्हती. 'वाकडा दगड' डूगलला पटेना. तो म्हणाला, "ती वाकडी नाहीये, जरा झुकलीय." सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी 'प्रार्थनेचा दगड' ठरलं, कारण डूगल तिथे टोपी काढून, डोळे मिटून काहीतरी मागत उभा होता, एवढं तर निर्विवाद होतं. रविवारी चर्चमध्ये तसं जाहीर झालं. आजपासून जुनं नाव कुणी घ्यायचं नाही. जो घेईल त्याने उपासना संपल्यावर सगळ्यांसमोर उभं राहून बायबलातलं सगळ्यात लांब स्तोत्र अखेरपर्यंत वाचायचं.

चर्चबाहेर कर्स्टी मकफेल डूगलला आडवी आली. ही त्याची शेजारीण, कोंबड्या पाळणारी, एफीची जन्माची मैत्रीण.

"प्रार्थनेचा दगड म्हणे. प्रार्थना झाली खरी तिथे, मान्य कुठे झाली?"

"कर्स्टी, तोंड सांभाळ."

"सांभाळते बापा. पण तुझ्या पहिल्या बायकोने तुझं काय घोडं मारलं, ते तरी सांग."

पाद्री मागेच उभा होता. कर्स्टीने शिक्षेचं ते लांब स्तोत्र पहिल्यांदा त्याच दुपारी वाचलं. लोक जेवायला घरी जाऊ शकत नव्हते, कारण शिक्षा सगळ्यांसमोर भोगायची असं ठरलेलं.

त्यानंतर गावाने जी जीभ आवरली, तिला तोड नव्हती. पहिल्या आठवड्यात फार तारांबळ उडाली. माळावरची प्रत्येक जागा लोक त्या दगडावरूनच सांगायचे: पहिल्या बायकोच्या अलीकडे, पहिल्या बायकोच्या डाव्या हाताला. आता सगळ्यांचीच पंचाईत. ऑर्कर्ड म्हणून एक मेंढपाळ होता, त्याची मेंढी विताना दगडापाशी अडली. तो धावत मदत मागायला खाली आला आणि कुठे विचारल्यावर त्याला नवीन नाव आठवेना. "तिथे... ती... वर ते, डूगल जिथे..." एवढंच म्हणून तो घामाघूम झाला, पण जुनं नाव काही त्याने घेतलं नाही. लोक दिवे, दोऱ्या घेऊन चुकीच्या डोंगरावर गेले. मेंढी बिचारी स्वतःच मोकळी झाली आणि कोकराला घेऊन घरी आली. पुढच्या रविवारी पाद्रीने ऑर्कर्डचं चर्चमध्ये नाव घेऊन कौतुक केलं.

दुसऱ्या आठवड्यापासून सवय झाली. तिसऱ्यात तर नवीन नाव लोकांच्या तोंडी असं रुळलं की मास्तरने त्यावर मुलांकडून निबंध लिहून घेतला.

डूगलला हवं होतं ते मिळालं. पूर्वी रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण डोळा मारून विचारायचा, "काय रे डूगल, पहिलीची तब्येत काय म्हणते? पावसात भिजली असेल." आता लोक टोपीला हात लावायचे आणि म्हणायचे, "कसे आहात? प्रार्थनेच्या दगडाकडे निघालात का?" ज्यांच्याबरोबर तो ओढ्यात मासे चोरायला गेला होता, ते म्हातारेसुद्धा त्याला अहो-जाहो करू लागले. असा मान त्याने जन्मभर मागितला होता. पहिले काही दिवस तो ताठ मानेने हिंडला. मग का कोण जाणे, त्याला बाहेर पडायचा कंटाळा येऊ लागला. कुणी भेटलं की हवा-पाण्याचं बोलणं व्हायचं आणि ते संपलं की दोघंही आपापल्या बुटांकडे बघत उभे राहायचे.

पीट कापायचे दिवस आले. दगडाच्या खालच्या दलदलीतली ती काळी माती सगळं गाव मिळून कापतं आणि वाळायला रचून ठेवतं, हिवाळ्यात तेच जळण. आमच्याकडे एक रिवाज होता. त्या वर्षी गावात नवीन सून आली असेल तर जेवणाच्या सुट्टीत तिला दगडापाशी बसवायचं आणि डूगलची गोष्ट सांगायची. एफी होती तेव्हा ती स्वतः सांगायची. डूगलचं काम करायची, स्वतःचं करायची आणि दगडाचंही करायची. दगडाचं काम ती फार सुरेख करायची. नुसती मान झुकवून उभी राहायची आणि बायकांची हसून हसून पोटं दुखायची. ती गेल्यावर कर्स्टी सांगायला लागली होती, अगदी एफीच्या आवाजात.

या वर्षी बेटावरून आलेली एक सून होती. बायका तिला घेऊन दगडापाशी बसल्या, ओटच्या भाकऱ्या आणि चीज काढलं आणि मग सगळ्या नुसत्या चावत बसल्या. गोष्ट सांगायची तर नाव घ्यावं लागणार.

पलीकडे रचलेल्या पीटच्या ढिगाआड डूगल पाठ टेकून बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

नव्या सुनेला ती शांतता सोसवेना. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "डूगलकाका एकटेच राहतात ना? त्यांची बायको कशी होती?"

कर्स्टीने तोंड उघडलं आणि मिटलं. "होती," ती म्हणाली. "चांगली होती."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे काय, चांगली. वारली ती. भाकरी खा तू."

डूगलच्या हातातली भाकरी हातातच राहिली. एफीला जाऊन दोन हिवाळे झाले होते, पण ती आत्ता, या क्षणी गेली असं त्याला वाटलं. तिच्या कबरीवर साधा दगडही नव्हता, कोरीव दगडाची ऐपत नव्हती म्हणून. मूल नव्हतं. तिचं उरलं होतं ते एवढंच, तिने केलेली एक थट्टा, आणि ती थट्टा सगळा गाव रोज तिच्याच आवाजात परत परत करत आला होता. ती त्याने स्वतःच्या हाताने बंद पाडली होती. कशासाठी, तर राणीला हसू येऊ नये म्हणून. त्याला स्वतःचा असा संताप आला की उठून स्वतःलाच एक ठेवून द्यावीशी वाटली.

तो तसाच पाद्रीकडे गेला. पाद्री बागेत गाजरं उपटत होता.

"पाद्रीसाहेब, उद्या कॉर्पोरल येतोय. जुनं नाव सांगायचं."

"कुठलं जुनं नाव?"

"तुम्हाला माहितीये."

"डूगल, त्या दगडाला प्रार्थनेचा दगड म्हणतात. सगळं पॅरिश म्हणतं. मी उद्या दुसरं काही सांगितलं तर ती खोटी साक्ष होईल."

"पण आपणच ठरवलं होतं की ते."

"म्हणून तर ते खरं आहे. इतकं खरं नाव या पॅरिशमध्ये दुसरं नसेल. बाकीची आपोआप पडलीत, यासाठी लोकांनी कष्ट घेतलेत." आणि त्याने एक गाजर डूगलच्या हातात ठेवलं.

गाजर हातात धरून डूगल कर्स्टीकडे गेला.

"कर्स्टी, तू तरी उद्या माझ्या बाजूने बोल. दगडाचं खरं नाव सांग."

"कुठला दगड?" कर्स्टी कोंबड्यांना दाणे टाकत म्हणाली.

"नाटकं करू नकोस. पहिल्या बायकोचं म्हणतोय मी."

"मी नाही बाई ऐकलं. तीनदा वाचलंय ते स्तोत्र मी, आता पाठ झालंय. चौथ्यांदा वाचायला लावशील तर कोंबड्या सोडीन तुझ्या ओटमध्ये." मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुलाच नको होती ना ती? मग आता का गळा काढतोस?"

डूगलने हातातलं गाजर तिच्या कोंबड्यांपुढे टाकलं. तो घरी गेला, पेटी उघडली आणि एफीची चौकड्यांची शाल बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी ऊन असं लख्ख पडलं होतं की डोळे दिपावेत. आमच्याकडे असं ऊन वर्षातून एखाद्याच वेळी पडतं आणि त्याला नेमका हाच दिवस सापडला. कॉर्पोरल पेंगेली वही काखोटीला मारून माळावर आला. मागे पाद्री, मास्तर आणि शाल खांद्यावर टाकून डूगल. पीट कापायला आलेले लोक आपापली हत्यारं टाकून थोड्या अंतरावर येऊन उभे राहिले. कर्स्टी बांधावर बसली.

कॉर्पोरलने पेन्सिल जिभेला लावली. "या दगडाचं नाव?"

"प्रार्थनेचा दगड," पाद्री म्हणाला.

"प्रार्थनेचा दगड," मास्तर म्हणाला. "सर्वत्र प्रचलित."

"आणि आजोबा, तुम्ही?"

डूगल म्हणाला, "ही माझी पहिली बायको आहे."

कॉर्पोरलने पेन्सिल खाली घेतली. "आजोबा, मी दगडाचं नाव विचारतोय. घरची माणसं नंतर बघू."

"तेच सांगतोय. ही डूगलची पहिली बायको. मी डूगल."

कॉर्पोरलने पाद्रीकडे बघितलं. पाद्री म्हणाला, "पूर्वी तसं म्हणत असतील. गेल्या कित्येक आठवड्यांत एका बाईखेरीज कुणीही ते नाव घेतलेलं नाही. मी स्वतः लक्ष ठेवलंय."

"मग माझा नाइलाज आहे," कॉर्पोरल म्हणाला. "लोकांच्या तोंडी जे असेल तेच मला लिहावं लागतं. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावरून नाही लिहिता येत, आजोबा."

डूगलने शाल खांद्यावरून उतरवली. तो दगडापाशी गेला, एफीची शाल दगडाच्या खांद्यांवरून नीट टाकली, चार पावलं मागे आला आणि टोपी काढली. रविवारची उंच काळी टोपी. सत्तरीचा म्हातारा, चर्चचा पंच, भर उन्हात दगडासमोर उघड्या डोक्याने उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले.

"माझ्याकडे दोन गाई आहेत," तो म्हणाला. "एक म्हातारी आहे. मेंढ्या थोड्या आहेत. दारू मी सणावारीच घेतो, आणि कुणी वारलं तर. माझी आई तोंडाने कडक आहे, पण तिचं मनावर घ्यायचं नाही."

त्याची आई वारून पंचवीस वर्षं झाली होती, पण भाषण तेच होतं. आत्तापर्यंतचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत झालं होतं, पण भाषण आमच्या भाषेत होतं आणि ती कॉर्पोरलला येत नव्हती, म्हणून मास्तर त्याच्या कानाशी हळू आवाजात एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत होता. त्यामुळे ती मागणी डोंगरावर दोनदा होत होती, एकदा डूगलच्या तोंडून आणि एकदा मास्तरच्या.

"घर लहान आहे," डूगल म्हणाला. "धूर होतो. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. पण तू बोललीस तर मी ऐकत बसेन. कितीही बोललीस तरी ऐकत बसेन." हे वाक्य जुन्या भाषणात नव्हतं. "तू गेल्यापासून घरात कुणी काही बोलत नाही. नाही म्हणायचं तर नाही म्हण, पण तोंडाने काहीतरी बोल."

आणि तो थांबला.

सगळे थांबले. नवी सून सोडली तर पुढचं वाक्य तिथल्या प्रत्येक गावकऱ्याला पाठ होतं, पण कुणी बोलायला तयार नव्हतं. कर्स्टी ओठ घट्ट दाबून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. डूगल डोळे मिटून उभाच होता. त्या बांधापलीकडून आता कुणी बोलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, तरी कान तिकडेच लागले होते.

कॉर्पोरललाच राहवेना. "मग?" तो म्हणाला. "मग काय म्हणाली ती?"

पाद्री लॅमंटचा चेहरा लाल होत गेला. तो या गावात प्रथम आला तेव्हा एफीने त्याला पोरिजची वाटी हातात देऊन ही गोष्ट सांगितली होती, आणि इतकी वर्षं तो ती आल्या-गेल्याला सांगत आला होता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माहीत असून गप्प बसणं म्हणजे खोटं, हेही त्याचंच म्हणणं. उपदेशाला लावायचा त्याच घनगंभीर आवाजात तो म्हणाला,

"डूगल, तिला ऐकू येत नाही. मला विचारून बघ."

मास्तरने तेही इमानाने इंग्रजीत करून सांगितलं. कॉर्पोरल एकदा पाद्रीकडे आणि एकदा डूगलकडे बघायला लागला.

पहिली हसली ती बेटावरची नवी सून, जिला काही म्हणता काही माहीत नव्हतं. मग सगळा माळ हसायला लागला. कर्स्टी बांधावरून उडी मारून ओरडली, "पाद्रीसाहेब, आता स्तोत्र तुम्ही वाचायचं. पहिल्या बायकोची गोष्ट सांगितलीत." आणि त्यासरशी तोंडं सुटली. कुणी म्हणे पहिल्या बायकोने शाल काय सुंदर पांघरलीय, कुणी म्हणे पहिल्या बायकोने याही वेळी नकारच दिला. ऑर्कर्ड तर नुसतं "पहिली बायको, पहिली बायको" म्हणत सुटला, इतके दिवस दाबून ठेवलेलं.

कॉर्पोरलने खाली बसून गुडघ्यावर वही उघडली. "लोकांच्या तोंडी आहे म्हणायचं," तो म्हणाला आणि 'प्रार्थनेचा दगड' खोडून लिहायला लागला. पाद्रीने साक्ष दिली. मास्तरने दिली आणि वर म्हणाला की आपलं पहिल्यापासून हेच मत होतं.

"आता माहिती लिहायची असते थोडी," कॉर्पोरल म्हणाला. "दगड, पुरुषभर उंच, माळावर. हे नाव कुणी ठेवलं?"

"माझ्या बायकोने," डूगल म्हणाला.

कॉर्पोरलने मान वर केली. सरकारी काम होतं, त्यात चूक होऊन चालणार नव्हती. "पहिल्या की दुसऱ्या?"

डूगलने दगडावरच्या शालीकडे बघितलं. "दुसऱ्या," तो म्हणाला. "लिहा. एफी मकनिव्हन. डूगल मकव्हिकरची दुसरी बायको."

कॉर्पोरलने लिहिलं, ठळक अक्षरात, आणि साक्षीसाठी वही त्याच्यापुढे धरली. डूगलने ती ओळ बोट ठेवून वाचली. एफी जन्मभर जे सांगत आली आणि तो जन्मभर ज्याच्यावर तोंड आंबट करत आला, ते आता राणीच्या वहीत होतं. खाली त्याने स्वतःचं नाव लिहिलं. मग तो हसला. डूगल मकव्हिकर चारचौघांत हसला हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. हसताना त्याचे पुढचे दोन दात पडलेले आहेत, हेही गावाला तेव्हाच कळलं.

लोक कामाला लागले. डूगलने टोपी डोक्यावर ठेवली, दगडावरची शाल काढली, घडी घालून छातीशी धरली आणि घराकडे उतरू लागला.

मागून कर्स्टी ओरडली, "अरे डूगल, पहिलीला अशी उघडीच टाकून चाललास होय रे? वारा सुटलाय."

"तिला नाही वाजत थंडी," डूगल मागे न बघता म्हणाला. "आणि शाल दुसरीची आहे."